दीड मिलिमीटरची उचल

डॉक्टरांनी खणातून काढली ती कंपासपेटीतली सहा इंची पारदर्शक पट्टी. समोर खुर्चीत बसलेल्या काकू निवृत्त शिक्षिका, साठी नुकतीच ओलांडलेली. आल्या आल्या त्यांनी मोबाइलवर आलेली 'फेस्टिव्ह ऑफर' पुढे केली होती. पुतणीचं लग्न तोंडावर आलं होतं, कपाळावरच्या आठ्या घालवायच्या होत्या आणि त्यासाठी बोटॉक्स घ्यायचं हे त्या घरूनच ठरवून आल्या होत्या. डॉक्टरांनी ऑफर वाचली, फोन परत दिला आणि छोटी टॉर्च पेटवली.

"काकू, उजेडाकडे बघा. कपाळ सैल सोडा."

बाहुलीच्या मधोमध उजेडाचा एक ठिपका चमकला. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर डॉक्टरांनी पट्टीवर मोजलं. उजवीकडे अडीच मिलिमीटर, डावीकडे दोन. निरोगी डोळ्यात ते चार ते पाच असतं. मग अंगठ्यानं भुवई हाडावर घट्ट दाबून धरली. "खाली जमिनीकडे बघा. आता डोकं न हलवता एकदम वर." या दोन टोकांमध्ये पापणीची कड किती सरकते तेही मोजलं; ते चांगलं होतं, म्हणजे पापणी उचलणारा स्नायू शाबूत होता, त्याची पकड तेवढी सुटत चालली होती. शेवटी दोन्ही भुवया दाबलेल्या ठेवूनच डॉक्टरांनी विचारलं, "समोरच्या भिंतीवर काय दिसतं?"

"कॅलेंडर."

"आणि त्याच्या वर?"

काकू थांबल्या. वर ट्यूबलाइट होती. ती दिसायला त्यांनी नकळत हनुवटी उचलली.

काकूंच्या आठ्यांचं कारण त्या एका प्रश्नात होतं. पापण्या उतरल्यामुळे त्यांचं कपाळ सकाळपासून रात्रीपर्यंत भुवया वर खेचून डोळ्यांसमोरचा पडदा बाजूला धरत होतं. संध्याकाळी डोकं का दुखतं याचाही उलगडा झाला. त्या कपाळात बोटॉक्स टोचलं असतं तर आठ्या गेल्या असत्या आणि पुतणीच्या लग्नात काकू अर्धमिटल्या डोळ्यांनी वावरल्या असत्या. डॉक्टरांनी इंजेक्शनऐवजी दृष्टिक्षेत्राची तपासणी लिहून दिली.

पुण्यातल्या या नेत्रप्लास्टिक सर्जनच्या खोलीत कोपऱ्यात बसून मी जे पाहिलं, त्याला दहा मिनिटंही लागली नव्हती. पण ही दहा मिनिटं गाळूनच वरच्या चेहऱ्याच्या बिनशस्त्रक्रिया उपचारांचा बाजार चालतो, असं माझं मत झालं आहे. औषधं खोटी नाहीत, यंत्रंही खोटी नाहीत. नेमकं काय ओघळलंय हे न पाहता ती विकली जातात, इथे घोळ होतो.

*

ओघळू शकतात अशा गोष्टी तीन. भुवई खाली येते. पापणीची कातडी सैल पडून घडीसारखी लोंबते. किंवा पापणीची कडच बाहुलीवर उतरते. आरशात तिन्ही सारख्याच दिसतात, दमलेल्या. उपचार मात्र तिघांचे वेगळे, आणि अनेकदा एकाच डोळ्यात तिन्ही थोडी थोडी असतात.

भुवईपासून सुरुवात करू. भुवईला वर नेणारा स्नायू एकच, कपाळावरचा उभा पसरट. खाली ओढणारे मात्र चार: दोन भुवयांमधले तीन छोटे आणि डोळ्याभोवतीचा गोल, जो डोळा मिटतो आणि हसताना कोपऱ्यात सुरकुत्या पाडतो. म्हणजे ही रस्सीखेच मुळातच विषम आहे. त्यात कपाळाचा स्नायू कानशिलापर्यंत पोचतच नाही. भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या अलीकडेच तो संपतो. तिथे खाली ओढणारा हजर आणि वर धरणारा गैरहजर. म्हणून वयानुसार भुवईचं शेपूट आधी उतरतं, मधला भाग नंतर. त्या शेपटाखाली कातडी गोळा होते आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर छप्पर येतं. पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ, एक मिलिमीटरसुद्धा नाही. ऊन, सिगारेट, ॲलर्जीमुळे वर्षानुवर्षं डोळे चोळणं, हे सगळं तिच्यावर आधी उमटतं.

पापणीची कड उतरते ते आणखी आतलं प्रकरण. पापणी उचलणारा मुख्य स्नायू एका पातळ पडद्यासारख्या पट्ट्यानं पापणीला जोडलेला असतो. वयामुळे, किंवा वर्षानुवर्षं कडक कॉन्टॅक्ट लेन्स घातल्यामुळे, हा पट्टा ताणतो, सुटतो. त्याच्या मागे आणखी एक बारीक स्नायू असतो, आपल्या इच्छेबाहेर चालणारा. पापणीची शेवटची एक-दोन मिलिमीटरची उचल त्याच्या हाती. पुढे येणाऱ्या थेंबांच्या गोष्टीत तो महत्त्वाचा आहे. सुश्रुतानं पापण्यांचे एकवीस विकार सांगितले, त्यांत 'वातहत वर्त्म' नावानं ही हालचाल गेलेली पापणी वेगळी नोंदवलेली आहे. म्हणजे सैल कातडी निराळी आणि निकामी पापणी निराळी, हा भेद फार जुना आहे.

*

या सगळ्या उपचारांत सर्वांत जास्त खपणारं औषध हे मुळात पापण्या पाडणारं विष आहे, हा विनोद वैद्यकशास्त्राला कुणी सांगायला नको.

जर्मनीत व्यूर्टेम्बर्ग भागात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीट न शिजवलेली, न टिकवलेली सॉसेजं खाऊन माणसं मरत होती. युस्टिनुस केर्नर नावाच्या सरकारी डॉक्टरनं, जो कवीही होता, या रुग्णांच्या नोंदी ठेवून १८२० आणि १८२२ मध्ये प्रबंध लिहिले. तोंड कोरडं पडतं, गिळता येत नाही, पापण्या गळतात, श्वास थांबतो, शुद्ध मात्र शेवटपर्यंत राहते. सॉसेजमधला अर्क त्यानं स्वतःवरही करून पाहिला, आणि अनावर हालचालींच्या रोगांत हे विष अगदी थोड्या मात्रेत उपयोगी पडेल अशी अटकळ बांधली. विष तयार करणारा जंतू १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका विषबाधेनंतर एमिल व्हान एर्मेंगेम यांनी शोधला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं फोर्ट डेट्रिक इथे शस्त्र म्हणून त्यावर काम केलं. तिथल्याच एडवर्ड शांट्झ यांनी शुद्ध केलेलं विष सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांच्या हाती आलं. स्कॉट यांना तिरळेपणावर शस्त्रक्रियेशिवाय उपाय हवा होता: जोरात ओढणारा स्नायू थोडा ढिला केला की डोळा सरळ होईल. १९७३ मध्ये माकडांवरचे निष्कर्ष छापून आले आणि १९८९ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी परवानगी दिली. सौंदर्याचा त्यात कुठे पत्ता नव्हता.

तो आला व्हँकुव्हरमधून. नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्याकडे पापण्यांच्या आचक्यांसाठी येणारी एक बाई १९८७ मध्ये नाराज झाली, या वेळी भुवयांच्या मधे इंजेक्शन दिलं नाही म्हणून. तिथे टोचलं की तिचा चेहरा निवांत दिसायचा, हे तिनं ओळखलं होतं. जीन यांचे पती ॲलस्टेर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी आधी आपल्याच रिसेप्शनिस्टच्या कपाळावर हे करून पाहिलं आणि १९९२ मध्ये निबंध छापला. भुवयांमधल्या उभ्या आठ्यांसाठी अमेरिकेत अधिकृत परवानगी मिळाली २००२ मध्ये, कपाळावरच्या आडव्या आठ्यांसाठी २०१७ मध्ये. भुवई उचलण्यासाठी मात्र बोटॉक्सला तिथे परवानगी नाही. डॉक्टर ते आपल्या अनुभवावर, मंजूर उपयोगाच्या बाहेर वापरतात. बेकायदा नाही, पण रुग्णाला हे सांगायला हवं. सांगतात ते थोडे.

विष काम करतं ते मज्जातंतूच्या टोकाशी. स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारं रसायन बाहेर पडायला जी प्रथिनं लागतात, त्यांतलं एक ते कापून टाकतं. निरोप पोचत नाही, स्नायू स्वस्थ पडतो. आपल्याकडच्या मण्यारीचा नेमही याच टोकावर असतो, रीत वेगळी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दाताची खूण दिसेलच असं नाही, वेदना जवळजवळ नसते. पहाटे पोटात कळा येतात आणि मग पापण्या मिटायला लागतात. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ज्यांचं नाव झालं ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मण्यार आणि नागाच्या दंशांवरही ग्रामीण दवाखान्यातल्या अनुभवातून लिहिलं आहे. 'पोरगं झोपेतून उठलं आणि डोळेच उघडेना' असं सांगत कुणी आलं, तर तिथल्या डॉक्टरला आधी साप आठवतो. शहरात पापणी उतरली की आधी पार्लर आठवतं.

*

ठाण्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञाकडे इंजेक्शन जवळून पाहता आलं. खुर्चीत बँकेत काम करणाऱ्या बाई, चाळिशीच्या. तक्रार वयाची नव्हतीच. काउंटरवरची माणसं "मॅडम, चिडलात का?" म्हणून विचारतात, याचा त्यांना वैताग आला होता.

फ्रीजमधून काढलेली कुपी रिकामीच वाटली. विष इतकं कमी असतं की काचेच्या तळाशी पुसट थर दिसला तर दिसला. डॉक्टरांनी सलाइन भरलेली सिरिंज बुचात खुपसली आणि दट्ट्याला हात न लावता थांबले. कुपीतल्या निर्वातानं पाणी आपोआप आत ओढून घेतलं. ओढलं नसतं तर कुपी फेकून द्यायची. मग बाईंना सांगितलं, "कर्जाचा हप्ता बुडवणारा समोर आहे असं समजा." भुवया जवळ आल्या, उभ्या दोन रेघा पडल्या. पांढऱ्या पेन्सिलीनं पाच खुणा, प्रत्येक ठिकाणी चार युनिट. मग डोळे घट्ट मिटायला लावून भुवईच्या शेपटाखाली, गोल स्नायू जिथे फुगला तिथे, दोन्हीकडे एकेक खूण, आणखी कमी मात्रा. कपाळाच्या मध्यभागी त्यांनी हातही लावला नाही. खाली ओढणारे ढिले केले की वर धरणारा आपलं काम करतो.

सुया टोचायला चार मिनिटंही लागली नाहीत. दुखलं डास चावल्याइतकं, असं बाईच म्हणाल्या. तीन-चार दिवसांत परिणाम सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो, तीन-चार महिन्यांत मज्जातंतू पुन्हा कामाला लागतो. या पद्धतीनं भुवईचं शेपूट वर जातं ते साधारण एक ते तीन मिलिमीटर. हा आकडा ऐकून बायका हिरमुसतात, असं डॉक्टर म्हणाले. पण भुवईच्या बाबतीत दोन मिलिमीटर म्हणजे 'रागावलेली' आणि 'ऐकणारी' यांतलं अंतर आहे. नाट्यशास्त्रात भुवयांच्या सातच हालचाली सांगितल्या आहेत आणि त्यांत आख्खी नायिका उभी राहते. लावणी पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

चुकतं ते दोन प्रकारे. कपाळाचा मधला भाग जास्त ढिला आणि कडेचा तसाच राहिला, तर भुवईचं टोक खलनायकासारखं वर चढतं. कडेला एक-दोन युनिट देऊन ते खाली आणता येतं. दुसरी चूक वाईट. औषध हाडाच्या कडेखाली झिरपून पापणीच्या स्नायूपर्यंत गेलं, की ज्या डोळ्यासाठी खटाटोप केला तोच झाकला जातो. तो काही आठवडे तसाच राहतो. ॲप्राक्लोनिडिनचे थेंब थोडी उसंत देतात, उतारा असा नाही. म्हणूनच हाडाच्या कडेपासून अंतर ठेवून टोचायचं, नंतर चोळायचं नाही, त्या दिवशी पार्लरमध्ये फेशियल तर अजिबात नाही. बोटॉक्सच्या अधिकृत माहितीपत्रकात आणखी एक वाक्य आहे जे ऑफरवाले वाचत नसावेत: आडव्या आठ्यांवर इंजेक्शन द्यायचं तर ते भुवयांमधल्या इंजेक्शनसोबत द्या, नाहीतर भुवई खाली येण्याचा धोका वाढतो. नुसतं कपाळ स्वस्तात करून देणं म्हणजे एकुलत्या एक वर धरणाऱ्यालाच झोपवणं.

*

सुईची भीती असणाऱ्यांसाठी यंत्रं आहेत. तत्त्व एकच: कातडीच्या आत ठरावीक खोलीवर उष्णता द्यायची, तिथलं कोलॅजेन आकसतं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत शरीर नवं बनवतं. रेडिओलहरींचं यंत्र अमेरिकेत डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी २००२ मध्ये आलं. ८६ जणांवरच्या एका बहुकेंद्री अभ्यासात सहा महिन्यांनी साधारण ६१ टक्के भुवया निदान अर्धा मिलिमीटर वर गेलेल्या आढळल्या. अर्धा मिलिमीटर. ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटणारं यंत्र खास भुवई उचलण्यासाठी २००९ मध्ये मंजूर झालं. ते कातडीला धक्का न लावता साडेचार मिलिमीटर खोलपर्यंत साठ-सत्तर अंश तापमानाचे बारीक ठिपके उमटवतं आणि आत काय चाललंय ते पडद्यावर दाखवतं. मुराद आलम आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात ३५ पैकी ३० जणांमध्ये फरक दिसला. भुवईची सरासरी उचल ९० दिवसांनी १.७ मिलिमीटर. दुखतं, हे जाहिरातीत येत नाही. कपाळाच्या हाडाजवळ तर चांगलंच दुखतं.

हे आकडे मला प्रामाणिक वाटतात, कारण ते लहान आहेत. चाळिशीतल्या, कातडीत अजून जीव असलेल्या माणसाला दीड मिलिमीटर पुरतो. पासष्टीच्या, डोळ्यावर घडी उतरलेल्या माणसाचे पैसे पाण्यात जातात.

आता 'हायफू' हा शब्द गल्लीतल्या पाटीवर दिसतो. ध्वनिलहरींचंच यंत्र, पण बहुतेक स्वस्त यंत्रांत आतलं चित्र दाखवणारा पडदा नसतो, म्हणजे हात आंधळा. पापणीची जाडी मिलिमीटरभराहून कमी आणि त्यामागे लगेच डोळा. पापणीवर किंवा हाडाच्या कडेच्या आत हे यंत्र लावल्यामुळे मोतीबिंदू झाल्याच्या, बुबुळाला इजा झाल्याच्या नोंदी पूर्व आशियातून आल्या. जपानमध्ये ब्यूटी पार्लरमधल्या अपघातांनंतर आरोग्य मंत्रालयाला हे काम डॉक्टरनंच करायचं असं बजावावं लागलं. हाडाची कड बोटानं चाचपायची, तिच्या आत यंत्र येऊ द्यायचं नाही, एवढं तर खुर्चीत झोपलेल्या माणसालाही कळेल.

लेसर पापणीची कातडी खरंच थोडी आवळतं. पण ते गोऱ्या कातडीवर घडलेलं शास्त्र आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला भाजल्याचा राग लवकर येतो आणि तो काळ्या डागांच्या रूपानं महिनोन्महिने टिकतो. लेसर घ्यायचंच तर अशा कातडीवर रोज काम करणाऱ्याकडे, डोळ्यात धातूचं कवच घालून.

थ्रेड लिफ्टबद्दल थोडक्यात. याचा पार्लरमधल्या थ्रेडिंगशी संबंध नाही, जरी फोनवर विचारणाऱ्या निम्म्या जणींचा तसा समज असतो. विरघळणारे दोरे कातडीखालून केसांच्या रेषेपर्यंत ओढायचे, भुवईचं टोक ताणायचं. सोशल मीडियावर कोल्ह्यासारख्या तिरप्या डोळ्यांची टूम निघाली तेव्हापासून मागणी वाढली. उचल त्या दिवशी छान दिसते, काही महिन्यांत ओसरते. कधी दोरा कातडीवरून दिसतो, कधी खळी पडते. शिवाय सुई आत फिरते, त्यामुळे याला 'बिनशस्त्रक्रिया' म्हणणं जरा ताणलेलंच.

फिलरबाबत मात्र थोडक्यात आटोपून चालणार नाही. कानशील आणि भुवईखालची चरबी वयानुसार ओसरते, तिथे जेल भरून भुवईला खालून टेकू देता येतो आणि कुशल हातात ते सुंदर दिसतं. पण कपाळ, नाक आणि भुवयांमधली जागा इथल्या बारीक धमन्या थेट डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीला जोडलेल्या आहेत. जेल चुकून धमनीत गेलं आणि दाबानं उलटं ढकललं गेलं, तर दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद होतो. तास-दीड तासात झालेलं नुकसान बहुतेक वेळा परत येत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं याबद्दल जाहीर इशारा दिला होता. असं क्वचितच होतं, हे खरं. पण भुवईचा दीड मिलिमीटर एका पारड्यात आणि डोळा दुसऱ्या पारड्यात असेल तर मी स्वतः त्या खुर्चीत बसणार नाही. बसणाऱ्यानं जेल विरघळवणारं इंजेक्शन त्याच खोलीत तयार आहे का, हे सुई टोचण्याआधी विचारावं. विचारल्याचा ज्यांना राग येतो त्यांच्याकडून उठून यावं.

*

पापणीची कड उतरली असेल तर वरचं काहीच उपयोगाचं नाही. तिथे आहेत थेंब. नाक चोंदल्यावर आपण जे औषध नाकात घालतो, त्यातलंच एक, ऑक्सिमेटाझोलिन, ०.१ टक्का प्रमाणात डोळ्यासाठी बनवून २०२० च्या जुलैत अमेरिकेत मंजूर झालं. आपल्या इच्छेबाहेर चालणाऱ्या त्या बारीक स्नायूला ते चिमटा काढतं. पापणी सुमारे एक मिलिमीटर वर जाते, काही तास राहते, मग उतरते. रोज सकाळी एक थेंब. इथे हात जोडून सांगावंसं वाटतं की नाकाचे थेंब डोळ्यात घालू नका. त्यांतले बाकीचे घटक डोळ्यासाठी नसतात.

याहून स्वस्त आणि माझ्या मते अन्याय झालेला उपाय म्हणजे चिकटपट्टी. पापणीच्या घडीत बसवायची पारदर्शक पट्टी जपान-कोरियात मुली शाळेपासून वापरतात, ती दुहेरी घडी पाडण्यासाठी. लोंबत्या कातडीला तीच पट्टी दिवसभर वर धरते. डॉक्टरही शस्त्रक्रियेआधी पापणी अशी चिकटवून वरचं किती जास्त दिसतं ते तपासतात. ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी चष्म्याच्या फ्रेमला आतून एक बारीक तार बसवून देतात, ती पापणी तोलून धरते. डोळा मिटायला थोडा त्रास होतो, म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब लागतात. चष्मेवाल्याला मात्र ही तार समजावून सांगावी लागते; बहुतेकांनी ती पाहिलेली नसते.

क्रीमबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पेप्टाइडची क्रीम कातडीला मऊ करतात. स्नायूपर्यंत पोचत नाहीत. सनस्क्रीन मात्र खरंच उपयोगाचं, उरलेलं टिकवायला. आणि चेहऱ्याचा योग? त्याच मुराद आलम यांच्या गटानं २०१८ मध्ये चाळीस ते पासष्ट वयाच्या बायकांकडून वीस आठवडे चेहऱ्याचे व्यायाम करून घेतले. सत्तावीस जणींनी सुरू केले, सोळाच टिकल्या. गाल थोडे भरले. भुवया जिथल्या तिथे.

*

थेंब असोत की पट्टी, एक धोका दोघांतही आहे: ते लक्षण झाकतात. वर्षानुवर्षं हळूहळू उतरलेल्या पापणीला वेळ आहे. कालपर्यंत ठीक असलेली पापणी आज अचानक पडली, त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली, एकाची दोन दिसू लागली, डोकं फुटेल असं दुखू लागलं, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा मज्जातंतूवर दाबत असू शकतो. त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. पापणी किंचित उतरली आणि बाहुली उलट बारीक झाली, मान दुखते आहे, तर मानेतली रक्तवाहिनी किंवा फुप्फुसाचं टोक तपासावं लागतं. चेहऱ्याची एक बाजू आणि हात लुळा पडला तर पक्षाघात. आणि पापणी सकाळी ठीक, संध्याकाळी जड, आज डावी उद्या उजवी, असा खेळ चालू असेल तर मायस्थेनिया ग्रॅव्हिस. अमिताभ बच्चन यांना १९८० च्या दशकात हाच आजार झाला होता, म्हणून हे नाव आपल्या घराघरांत ऐकून माहीत आहे. त्याची एक चाचणी स्वयंपाकघरातली वाटावी अशी: मिटल्या पापणीवर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटं ठेवायचा. पापणी दोन मिलिमीटर वर आली तर संशय बळावतो. अशा माणसाला बोटॉक्स दिलं तर अंगभर अशक्तपणा वाढू शकतो, आणि हे विचारल्याशिवाय कळत नाही.

ज्यांना वाहन चालवताना वरचा सिग्नल दिसत नाही, वाचताना भुवई बोटानं धरावी लागते, त्यांच्यासाठी बिनशस्त्रक्रिया उपचारांचा रस्ता इथे संपतो. तिथे अर्ध्या-पाऊण तासाची, भूल फक्त पापणीपुरती देऊन केलेली शस्त्रक्रिया दहा वर्षांच्या यंत्रांपेक्षा स्वस्तही पडते. असं सांगणारा डॉक्टर यंत्र विकत घेऊन बसलेला नसेल तर अधिकच बरं.

राहता राहिलं वेळापत्रक. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्तांची रांग सुरू होते, आणि दिवाळीच्या सुमाराला या दवाखान्यांत गर्दी उसळते, ती बहुतेक उशिरा आलेल्यांची. ध्वनिलहरींचा परिणाम हवा असेल तर गणपतीच्या आधी जायला हवं होतं. बोटॉक्स निदान महिनाभर आधी, म्हणजे दोन आठवड्यांनी काही वाकडं दिसलं तर सुधारायला दोन आठवडे उरतात. लेसर सुट्टीत, उन्हाळा टाळून. पहिल्यांदाच करणाऱ्यानं पहिला प्रयोग लग्नाच्या वर्षात न केलेला बरा. आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात कुणी कितीही सवलत दिली तरी काही करायचं नाही. पार्लरमधलं दोऱ्याचं थ्रेडिंग तेवढं चालेल.